म्हसावदच्या विहिरीवरची लाल खूण

मी एकतीस वर्षं विहिरीत वाकून बघितलं आणि त्याचा पगार घेतला. माझ्या लग्नाच्या वेळी मामांनी मुलीकडच्यांना 'पोरगा पाण्याच्या खात्यात आहे' एवढंच सांगितलं होतं. सासऱ्यांना वाटलं, आता आपल्या दारात नळ येणार. नळ काही आला नाही, जावई तेवढा आला. तो दर दिवाळीला त्यांच्या विहिरीत वाकायचा आणि कोणी न विचारता पाणी किती खाली गेलं ते सांगायचा. बायको अजून ऐकवते मला त्यावरून.

काम तसं सोपं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ठरावीक विहिरी निवडलेल्या असतात, त्यांना निरीक्षण विहीर म्हणतात. वर्षातून चार वेळा तिथे जायचं: पावसाळा सरल्यावर, मग जानेवारीत, मार्चात आणि मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात. टेपच्या टोकाला पितळेचं वजन असतं. ते खाली सोडायचं, पाण्याला टेकलं की 'टप्प' असा आवाज येतो. तो ऐकायला कान तयार व्हावा लागतो, कारण विहिरीत बेडूक असतात, पारवे असतात आणि वर शेतमालक असतो, जो नेमका त्याच वेळी वीजबिलाबद्दल बोलायला लागतो. आवाज आला की टेपवरचा आकडा वाचायचा, तक्त्यात लिहायचा, सही ठोकायची आणि पुढच्या गावाला निघायचं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरच आहे. टेप दरवेळी एकाच जागेवरून सोडावा लागतो. म्हणून विहिरीच्या कठड्यावर लाल ऑइलपेंटची खूण केलेली असते. कठडा जमिनीपासून जितका उंच, तितकी उंची कचेरीत आकड्यातून वजा करतात. उरतं ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर. कठडा पडला, कोणी वाढवला, खूण हलली, तर तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात तसं लिहायचं. त्या रकान्याचं नाव 'शेरा'.

माझी शिस्त कशी होती त्याचा एक दाखला देतो, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही मला अगदीच कामचुकार समजणार नाही. विसरवाडीला महामार्गालगत एक विहीर होती, तिथे ट्रकवाले आंघोळीला थांबायचे. शेजारच्या हॉटेलचे मालक, मूळचे राजस्थानातले शेठजी, मला बघितलं की आधी मोटर बंद करायचे आणि मग ओरडायचे, "साहेब आले! अर्धा तास कोणी साबण लावू नका!" मोटर चालू असताना मोजलं तर आकडा खोटा येतो, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. एका खेपेला एक ड्रायव्हर आधीच अंगभर साबण फासून बसलेला. पाणी वर येऊन स्थिर होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, माझ्याकडे बघत. मी टेप पुसण्याचं नाटक करत त्याची नजर चुकवत होतो. पण आकडा खरा आला.

आणि आता म्हसावद. तिथे केळी आणि पपईच्या बागांमध्ये एका शेतकऱ्याची जुनी विहीर होती. घरधनी अबोल, सगळा कारभार घरच्या बाईंकडे. सगळं गाव त्यांना माय म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. मी पहिल्यांदा खूण केली ती कठड्याच्या वरच्या थरातल्या एका काळ्या दगडावर. पुढच्या खेपेला गेलो तर खुणेवर हळदकुंकू आणि वर झेंडूचं फूल. विहिरीत आसरा असतात, म्हणजे पाण्याच्या देवता, हे आपल्याकडे सगळेच मानतात. लाल झालेला दगड दिसला आणि मायंनी हात जोडले. मी फूल बाजूला ठेवलं, टेप सोडला, आकडा लिहिला आणि फूल परत जागेवर ठेवलं. सांगायला हवं होतं की माय, हा सरकारी ऑइलपेंट आहे. पण त्यांनी पुढ्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवलेला. भरल्या तोंडाने कोण देवाला नाही म्हणेल?

काही वर्षांनी त्यांनी विहिरीतला गाळ काढायला यारी आणली. यारी म्हणजे गाळाची बादली वर ओढणारं यंत्र. ते बसवायला एका बाजूचा कठडा पाडावा लागला, नेमका माझ्या खुणेच्या बाजूचा. मे महिन्यात मी गेलो तर त्या बाजूला कठडा नाही, पण माझा लाल दगड मात्र विहिरीच्या काठाशी, जमिनीवर, सिमेंटात पक्का बसवलेला. वर ताजं कुंकू. माय कौतुकाने म्हणाल्या, "भाऊ, कठडा पडना, पन तुन्हा देव आम्ही जपी ठेवेल शे."

मी त्याच दगडावरून टेप सोडला. दगड खाली आलेला, त्यामुळे पाण्यापर्यंतचं अंतर कमी भरलं. कचेरी तर नसलेल्या कठड्याची उंची वजा करतच राहिली. कागदावर त्या विहिरीचं पाणी एका खेपेत वर आलं. आणि मी शेरा लिहिला नाही. काय लिहिणार होतो? 'सरकारी खुणेचा देव झाल्याने खूण खाली आली' असं? कचेरीत वर्षभर माझी टिंगल झाली असती. म्हटलं, पुढच्या खेपेला उंची मोजून लिहू. पुढच्या खेपेला वाटलं, आता साहेब विचारतील की मागे का नाही लिहिलं. त्यानंतर सोडूनच दिलं. कोण बघणार होतं ते आकडे? असं म्हणत म्हणत मी निवृत्त झालो, हारतुरे घेतले, घरी झोपाळा बांधला.

निवृत्तीनंतरच्या चौथ्या वर्षी, हिवाळ्यात, भर दुपारी फोन वाजला. नंबर परदेशी. लॉटरीवाला समजून मी फोन कापणारच होतो, तेवढ्यात पलीकडून आपली अहिराणी आली. "नाना, मी निकिता. रनाळानी शे. तुम्हले दोन मिन्टं टाइम शे का?"

रनाळ्याच्या शेतकरी घरातली ही पोर. वडील शाळेत क्लार्क. शिष्यवृत्ती मिळवून नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकायला गेलेली. प्रबंधासाठी तिने आपल्याच जिल्ह्यातलं भूजल घेतलं. जुने तक्ते मागवले, खाली माझी सही दिसली, तर कचेरीत फोन करकरून माझा नंबर काढला. मी विचारलं, आकडे मिळाले ना, मग माझं काय काम? म्हणाली, "आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आकडा हातात घेण्याआधी तो कोणी मोजला, कशाने मोजला आणि कुठे उभं राहून मोजला ते विचारा. तिथे तुम्हीच उभे होतात ना, नाना?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला माझ्या साहेबांनीसुद्धा विचारला नव्हता. मी इतका खूश झालो की बायकोला हाक मारून फोन स्पीकरवर टाकला.

मग दर शनिवारी दुपारी तिचा फोन यायचा. तिची सकाळ, आमची जेवणं आटोपलेली. ती एकेका विहिरीबद्दल विचारायची आणि मी तिकडचं विचारायचो. त्या देशाची गंमतच आहे. आपण पाणी कुठे गेलं म्हणून रडतो, ते पाणी जात का नाही म्हणून पंप लावून बसलेत. वर्गातली मुलं गमबूट घालून शेतात जातात, हाताने फिरवायचं लांब गिरमिट जमिनीत घालतात, आणि हातभर खाली गेलं की पाणी! मला ते खोटंच वाटलं. तिने व्हिडिओ लावून दाखवलं. गिरमिट वर आलं आणि भोकात पाणी चकाकलं. "नाना, अठे तुम्हनी नोकरी पाच मिन्टमा व्हई जाती," ती म्हणाली. मी म्हटलं, "पगारही पाच मिनिटांचाच मिळाला असता. आपलं नंदुरबारच बरं."

तिथे प्रोफेसरला नावाने हाक मारतात. निकिताला महिनाभर ते जमलं नाही, नाव घ्यायची आणि मागे हळूच 'सर' चिकटवायची. वर्गात इथिओपियाची एक मुलगी, चिलीचा मुलगा, व्हिएतनामची दोघं; जो तो आपापल्या गावचं पाणी आणि माती डोक्यात घेऊन आलेला. पहिल्याच आठवड्यात हिने आपली नंदुरबारची मिरची टाकून फोडणी दिली, तर धुराचा भोंगा वाजला आणि अख्खं होस्टेल पावसात खाली उभं राहिलं. नंतर तीच मंडळी खिचडीला ताटं घेऊन दारात यायची म्हणे. सायकलवर भिजत जायचं, हिवाळ्यात साडेचारलाच अंधार, सगळं ती हसत सांगायची. एकच गोष्ट तिने हसत सांगितली नाही. आईने दिलेल्या कळण्याच्या पिठाला जाळी लागली होती आणि ते टाकून द्यायला तिचा हात होत नव्हता.

मार्चात तिने म्हसावदचं विचारलं. "नाना, बाकीच्या सगळ्या विहिरी वर्षागणिक खाली चालल्यात. म्हसावदची एकटी वर आली आणि वरच राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी गावाने श्रमदानातून नाल्यावर बांध घातले होते. म्हणजे बांधांमुळे पाणी वाढलं ना? की तिथे दुसरं काही बदललं होतं?"

मला लगेच तो लाल दगड आठवला. मी म्हटलं, "नाही गं. बदलणार काय? गावाने काम केलं, पाणी वाढलं." एवढं बोलून मी लगेच तिथल्या थंडीवर घसरलो.

तिला मात्र आनंद मावेना. तिच्या मार्गदर्शकांना तो आलेख फार आवडला. त्यांच्याकडे पीएचडीची एक जागा होती, नेमकी गावबांध आणि भूजल याच विषयावर. म्हसावदचा निकाल पक्का झाला तर ती जागा तिलाच मिळेल असं दिसत होतं. रनाळ्याला तिच्या वडिलांनी चार लोकांत सांगूनही टाकलं. आणि मी इकडे शनिवार जवळ आला की पोट बिघडल्याचं सांगायला लागलो.

एप्रिलमध्ये एका शनिवारी ती तिच्या वर्गातली एक फजिती सांगायला लागली. पाण्याचे नमुने गोळा करताना तिच्याकडून बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं, तेही आठवड्याने. भर वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझी आहे. चार जणांचं आठवड्याचं काम वाया गेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सर थँक यू म्हणाले आणि आम्ही सगळे परत पावसात गेलो. इथिओपियावाल्या मैत्रिणीने माझ्यासाठी थर्मासमधून चहा आणला."

"गप्प बसली असतीस तर?"

"तर ते आकडे कायमचे तसेच राहिले असते, नाना. उद्या कोणीतरी त्यांच्या भरवशावर काहीतरी केलं असतं."

त्या संध्याकाळी तेच डोक्यात फिरत राहिलं. एवढीशी पोर, परका देश, परकी भाषा, आणि ती उभी राहून सांगते की चूक माझी. आणि मी साठी ओलांडलेला बाप्या, स्वतःच्या घरात, झोपाळ्यावर बसून एका दगडाला घाबरतो! स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगतो, तिच्याबद्दल इतका अभिमान वाटला की जणू माझीच लेक. बायको म्हणाली, "बोलून टाका एकदाचं. शनिवारी तुमचं तोंड बघवत नाही."

रविवारी मीच फोन लावला. सगळं सांगितलं. खूण, कुंकू, यारी, कोरा शेरा. मार्चात खोटं बोललो तेही.

मग ती म्हणाली, "दगड किती खाली आला, नाना?"

"मोजलंच नाही कधी."

"कोणत्या वर्षी?"

"नक्की आठवत नाही गं."

रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी चाचरत विचारलं, "आणि तुझी पीएचडी?"

"नाना, पहिले मोजा," ती म्हणाली.

सोमवारी शहाद्याची बस धरली, तिथून म्हसावद. उन्हाने पपईच्या पानांनी माना टाकलेल्या. सोबत माझा टेप आणि ओळखीच्या गवंड्याकडून मागून आणलेली पाण्याची नळी. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीला उभं राहतं, त्यावरच गवंडी भिंतीची उंची साधतात. विहिरीच्या बाकी बाजूंचा कठडा अजून शाबूत होता. तिथली पातळी नळीने दगडावर आणायची आणि दगड किती खाली आहे ते मोजायचं. मायंनी फोन धरला होता आणि फोनमधून निकिता बघत होती.

पहिल्यांदा मोजलं. "परत मोजा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा मोजलं. "परत. आणि नाना, नळीत बुडबुडा शे, तो काढा." मी मनात म्हटलं, बाई गं, तुझ्या जन्माआधीपासून मोजतोय मी. पण बुडबुडा होता. तो काढला, पुन्हा मोजलं. पावणेतीन फूट.

तिच्या आलेखात पाणी वाढलं होतं तेही तेवढंच. आम्हा दोघांना एकदमच कळलं.

मायंना आता सांगणं भागच होतं. "माय, हा देव नाही. मी लावलेला रंग आहे, मोजायला."

"व माय! मंग इतला वरीस मी कोनले हात जोडात?" त्या दगडाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पानी आटनं का पुरं?"

"नाही आटलं."

"मंग देवच शे. तुन्हा रंग तुन्हाजोडे ठेव."

निकिता फोनमध्ये खळखळून हसली आणि लगेच कामाला लागली. यारी कोणत्या वर्षी आली, ते मायंना विचारलं. मायंना साल आठवेना, पण लग्न आठवलं. "धाकलीनं लगीन आखाजीले व्हतं. पाहुना येवाना पहिले गाळ काढना व्हता." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, लेकीबाळींचा सण. धाकट्या लेकीची लग्नपत्रिका देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे सापडली, सालासकट. तक्त्यात जिथे पाणी एकदम वर आलं होतं, ती बरोबर त्याच आखाजीनंतरची मे महिन्याची खेप.

आमचं दोघांचं बोलणं ऐकून मायंना काहीतरी उमगलं असावं. फोन तोंडाजवळ नेऊन त्यांनी विचारलं, "पोरी, तू आते नापास व्हशी का?"

"नही माय. पन मन्हं उत्तर बदली गयं."

तिने त्याच दिवशी मार्गदर्शकांना सगळं कळवलं. हवं असतं तर ती विहीर गुपचूप गाळून टाकता आली असती, कोणी विचारलं नसतं. तिने ती ठेवली, दुरुस्त केली आणि दगडावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. दुरुस्त केल्यावर म्हसावदची विहीरही बाकीच्यांसारखी, वर्षाला थोडी थोडी, खालीच चालली होती. बांध फुकट गेले असं तिने म्हटलं नाही, पण त्यांनी पाणी वाढवल्याचा पुरावा या आकड्यांत नाही, असं स्वच्छ लिहिलं. प्रबंधासाठी पाच आठवडे उरले होते आणि ती रोज सकाळपासून बसलेली असायची.

तिची तोंडी परीक्षा फोनवर बघता येणार होती. तिने दुवा पाठवला, मी नवा सदरा घालून बसलो, जणू परीक्षा माझी. माझं इंग्रजी तक्त्यापुरतं. पण पडद्यावर कुंकू लावलेला माझा दगड आला तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. एका परीक्षकांनी बराच लांब प्रश्न विचारला. निकिताने दोनच वाक्यांत उत्तर दिलं आणि ते मान डोलवत राहिले. नंतर तिने मला सांगितलं, ते विचारत होते की नुसत्या आकड्यांवरून ही चूक सापडणं शक्य नाही, मग तुला कळलं कसं? आणि ती म्हणाली, मोजणाऱ्याने सांगितलं. मी त्याला विचारलं होतं.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. पीएचडीची जागा मात्र दुसऱ्याला गेली, त्या प्रकल्पाला पाणी वाढलेलं गाव हवं होतं. हे तिने मला एका वाक्यात सांगितलं आणि यंदा मिरचीचं पीक कसं आहे ते विचारलं. माझ्या एका कोऱ्या रकान्यापायी पोरीची जागा गेली. ती म्हणते तसं नाही. मी म्हणतो तसंच आहे. आता ती दुसरीकडे अर्ज करते आहे, आणि पत्रात तो दगड सगळ्यात आधी लिहिते.

गेल्या महिन्यात ती रनाळ्याला आली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दारात उभी. बायकोसाठी तिकडच्या चीजचा मोठा लाल गोळा आणलेला. तो किसायचा की तळायचा यावर दोघींची चर्चा सुरू झाली. तेवढ्यात तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हसावदचा तो मे महिन्याचा तक्ता, छायाप्रत. माझं अक्षर, माझी सही, आणि शेवटचा रकाना कोरा.

"एक प्रत कचेरीत द्यायची आहे, नाना. पुढे जो कोणी हे आकडे घेईल, त्याला कळायला पाहिजे."

"काय लिहू?"

"तेव्हा जे लिहायचं होतं तेच," ती म्हणाली आणि चीजकडे वळली.

मी चष्मा लावला. रकाना लहान, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: 'कठडा पाडला आहे. खुणेचा दगड पावणेतीन फूट खाली बसवला आहे. त्याच दगडावरून मोजले. वेळेवर कळवले नाही, चूक माझी.' खाली सही केली. तारीख घालताना हात थांबला. त्या वर्षीची घालू की आजची? विचारायला वर बघितलं तर निकिता बायकोशी बोलत होती, माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. मी आजची घातली.